विज्ञान मंडळाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं मंडळ तालुक्याच्या गावातलं. नोंदणीकृत आहे, पण कार्यालय म्हणजे एका सभासदाच्या घराची पुढची खोली आणि मालमत्ता म्हणजे दोन दुर्बिणी, चार खोकी प्रयोगसाहित्य आणि एक भलीमोठी सतरंजी. फोन मात्र रोज येतात. शिक्षकांचे, पालकांचे, गणेशोत्सव मंडळांच्या अध्यक्षांचे. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मंडळाच्या वतीने लिहिली असली तरी मतं बरीचशी माझी आहेत. समितीने दोन ठिकाणी नाक मुरडलं, पण खोडलं काही नाही.

तुम्ही नेमकं करता काय?

शाळांत जाऊन प्रयोग दाखवतो, आणि जमेल तिथे मुलांकडूनच करून घेतो. पावसाळा सरला की आकाशदर्शन सुरू होतं, ते मेपर्यंत चालतं. महिन्याला एक व्याख्यान. उन्हाळ्यात आठ दिवसांचं शिबिर. आणि २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन, त्या दिवशी आम्हाला एकाच वेळी सहा शाळांत बोलावणं असतं.

त्या दिवसाबद्दल एक सांगून टाकतो. बऱ्याच फळ्यांवर त्या दिवशी 'सर सी. व्ही. रामन जयंती' असं रंगीत खडूने लिहिलेलं असतं. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८चा. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्यांच्या शोधाचा दिवस आहे. त्या शोधाला १९३०मध्ये नोबेल मिळालं आणि १९८७पासून आपण हा दिवस साजरा करतो. एखाद्या माणसाच्या जन्माऐवजी त्याच्या कामाची तारीख साजरी करणारे दिवस आपल्याकडे किती कमी आहेत ते मोजा, मग या चुकीचं मला एवढं का लागतं ते कळेल.

मराठी विज्ञान परिषद म्हणजे तुम्हीच का?

नाही. पण त्या झाडाची सावली आमच्यावर आहे.

मराठी विज्ञान परिषद २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत स्थापन झाली. पुढाकार होता मधुकर ना. गोगटे यांचा, आणि गोगटे हे पेशाने स्थापत्य अभियंते. साहित्याची संमेलनं होतात, नाट्याची होतात, मग विज्ञानाचं मराठीत का होऊ नये, असा तो साधा विचार. आज परिषदेचं स्वतःचं विज्ञान भवन शीव-चुनाभट्टीला आहे. पत्रिका निघते, वार्षिक अधिवेशन दर वर्षी वेगळ्या गावी भरतं, गावोगाव विभाग आहेत. निबंधस्पर्धा, विज्ञानकथा स्पर्धा आणि गच्चीवर भाजी पिकवायला शिकवणारे शहरी शेतीचे वर्ग असा पसारा आहे. (शहरी शेतीला येणाऱ्या आजी रासायनिक खतांवर जे प्रश्न विचारतात ते कॉलेजच्या पोरांना सुचत नाहीत, असं माझं मत आहे.)

परिषदेच्या कथास्पर्धेचा एक किस्सा आम्ही प्रत्येक शिबिरात सांगतो. १९७४ साली स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली. पहिलं बक्षीस मिळालं. नंतर कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवली होती, ज. वि. ना.चं ना. वि. ज. केलं होतं, आणि परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. तोवर नारळीकरांचं नाव जगभर झालेलं होतं. त्या नावाच्या जोरावर बक्षीस नको, कथेच्या जोरावर हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. शिबिरातली मुलं हे ऐकून लगेच आपापली नावं उलटी करून बघतात. त्यात अर्धा तास जातो, जाऊ देतो.

विज्ञान मराठीतून कशाला? पुढे सगळं इंग्रजीतच शिकायचं असतं ना?

पुढे शिकणाऱ्यांसाठी असेल. पण आमच्या कार्यक्रमाला मुलाला घेऊन आलेली आई पुढे शिकायची नसते, तिला आज रात्री मुलाला ओआरएसचं पाणी किती पाजायचं ते हवं असतं.

शिवाय मराठीतून विज्ञान लिहिणं ही कालची टूम नाही. 'सृष्टिज्ञान' हे मासिक पुण्याहून १९२८ साली सुरू झालं, म्हणजे रामन यांच्या शोधाच्याच वर्षी. त्याआधीही बाळशास्त्री जांभेकरांच्या पिढीपासून माणसं या खटाटोपात पडलेली आहेत.

अडचण येते ती परिभाषेची. 'प्रकाशसंश्लेषण' म्हटलं की सातवीतलं पोरगं दचकतं, ते शब्दाच्या लांबीला. मी आधी 'पान उन्हात आपलं जेवण बनवतं' असं सांगतो, पान हातात देतो, आणि वीस मिनिटांनी शब्द देतो. तोवर शब्दाची गरज त्यालाच लागलेली असते. उलट 'बॅटरी', 'व्हायरस', 'सेन्सर' यांना मराठी शब्द शोधत बसत नाही. ज्या शब्दाने वायरमन काम करतो तो शब्द मराठीच झाला. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना हे मान्य नाही. ते बॅटरीला 'विद्युत्घटमाला' म्हणतात, आणि मग सगळ्यांना समजावं म्हणून पुढे 'म्हणजे बॅटरी' असं जोडतात.

वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय हो? सारखं ऐकतो.

राज्यघटनेत आहे. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं घातली गेली, त्यात कलम ५१-क (ज)मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. पण कलम वाचून कुणाला काही कळल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा गणपतीच्या दुधाची गोष्ट सांगतो.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय अशी बातमी सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत देशभर रांगा लागल्या. मी बीएस्सीला होतो, आणि खोटं कशाला सांगू, आईबरोबर स्टीलची वाटी घेऊन रांगेत उभा होतो. माझा नंबर आला. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला, किंचित कलता केला, आणि दूध खरोखर कमी झालं. अंगावर काटा आला.

परत येताना पायरीवर पाय घसरला, कारण गाभाऱ्यातून दुधाचा ओहोळ बाहेर आला होता. देव पीत होता तर हे दूध कुणाचं, हा प्रश्न मला तिथे पडला. शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी दुधात रंग मिसळून दाखवलं होतं की दुधाचा पातळ पापुद्रा मूर्तीवरून खाली उतरतो. पृष्ठताणामुळे चमच्यातला फुगीर काठ ओल्या दगडाला चिकटतो, एकदा धार लागली की चमचा रिकामा होतो, आणि पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध डोळ्यांना दिसत नाही. आम्ही हे आजही करून दाखवतो, पण गणपती घेत नाही. घरातला वरवंटा घेतो, ओला करतो, आणि दुधात थोडं कुंकू घालतो. वरवंटाही दूध पितो. मुलं हसतात, मोठी माणसं गप्प होतात.

माझ्या लेखी वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे त्या घसरलेल्या पायाकडे लक्ष जाणं. रांगेत उभं राहिल्याची मला लाज वाटत नाही.

म्हणजे तुम्ही देवाधर्माच्या विरोधात आहात?

आमच्या मंडळात वारकरी आहेत, नास्तिक आहेत, रोज पाच वेळा नमाज पढणारे एक रसायनशास्त्राचे सर आहेत. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. भोंदू बाबा पेशंटला औषध बंद करायला सांगतो तिथे मात्र आम्ही मध्ये पडतो, आणि ते काम ज्यांनी आयुष्य घालून केलं त्यांच्याकडून शिकतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तुमच्या गावात असा प्रकार दिसला तर तो दखलपात्र गुन्हा असू शकतो. आमच्याआधी पोलीस ठाण्यात कळवा.

आमच्या शाळेत कार्यक्रम ठेवायचा आहे. काय तयारी लागेल?

एक वर्ग, एक बादली पाणी, चालू असलेलं एक सॉकेट. हार-तुरे, शाल-श्रीफळ नको. प्रास्ताविक, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यात चाळीस मिनिटं गेली की मुलांच्या वाट्याला प्रयोगाची वीस मिनिटं उरतात. हेडसरांना हे तोंडावर सांगायला जड जातं म्हणून इथे लिहितो.

एका वेळी साठपेक्षा जास्त मुलं नकोत. सगळ्या शाळेला एकदम मैदानात बसवलं तर मागच्या मुलाला प्रयोग दिसत नाही, फक्त माईकवाला दिसतो. आणि मुलींना पुढे बसवा. आमचा अनुभव असा की मागे बसवल्या की त्या हात वर करत नाहीत.

मानधन घेत नाही. गाडीचं पेट्रोल शाळेने दिलं तर घेतो, नाही दिलं तर विचारत नाही.

तुमच्याकडूनही चुका होतात का?

हा प्रश्न खरं तर फोनवर कुणी विचारत नाही. सातवीतल्या एका मुलीने विचारायला भाग पाडलं.

मेणबत्तीचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला उपडा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. आम्ही कित्येक वर्षं सांगत आलो की ज्योतीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि हवेत ऑक्सिजन साधारण एकपंचमांश असतो म्हणून पाणी एकपंचमांश चढलं. मोठ्या थाटात पेल्यावर पट्टी लावून मोजायचो.

ती मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी कुठे चढलं? विझल्यावर चढलं."

पुन्हा केला. खरंच. ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हललं, उलट पेल्याच्या कडेने दोन-तीन बुडबुडे बाहेर आले. विझल्यावर मात्र सळसळत वर गेलं. मी म्हटलं, "बघू उद्या." घरी जाऊन एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. ऑक्सिजनचाच हिशेब असता तर पाणी तेवढंच चढायला हवं होतं, कारण पेला तोच आणि आतली हवा तीच. पाणी जवळजवळ अर्ध्यापर्यंत गेलं.

उत्तर असं की ज्योतीच्या उष्णतेने पेल्यातली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते. ते बुडबुडे तेच. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन सगळा संपतही नाही, ज्योत त्याआधीच विझते, आणि जो जळतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. एकपंचमांश हा आमच्या पट्टीला आवडणारा योगायोग होता. ज्या दिवशी जास्त चढायचं त्या दिवशी 'पेला नीट बसला नाही' असं म्हणून आम्ही पुढे जायचो!

दुसऱ्या आठवड्यात त्याच वर्गात परत गेलो आणि तीन मेणबत्त्यांनिशी चूक कबूल केली. तो आमचा आजवरचा सगळ्यात चांगला कार्यक्रम. आता सगळीकडे आम्ही तो दोन्ही पद्धतींनी करतो, आधी चुकीचं उत्तर ठामपणे देतो आणि कुणी अडवतंय का ते बघतो. बहुतेक वेळा कुणी अडवत नाही.

होमी भाभा परीक्षेची तयारी करून घेता का?

नाही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१पासून घेतं, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत अशा पायऱ्या आहेत. स्पर्धा चांगली आहे, तिच्याभोवती उगवलेल्या क्लासांबद्दल तसं म्हणवत नाही. एका पालकांनी मला मुलाचा प्रकल्प दाखवला, फाईल गुळगुळीत कागदावर छापलेली, आलेख रंगीत. मुलाला विचारलं, हा आकडा कुठून आला? त्याने बाबांकडे बघितलं.

मुलाला आवड असेल तर त्याला आमच्या शिबिरात पाठवा. तिथे तो काही शिकेल, आणि परीक्षेत त्याचा उपयोग झाला तर झाला.

विज्ञान प्रदर्शनासाठी तयार मॉडेल मिळेल का?

मिळणार नाही. ज्वालामुखी तर अजिबात नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस म्हणजे ज्वालामुखी नव्हे, त्यात ज्वालामुखीबद्दल काहीच कळत नाही.

विषय हवा असेल तर घराबाहेर बघा. तुमच्या आळीत नळाला पाणी किती वाजता येतं आणि एक बादली भरायला किती सेकंद लागतात, याची पंधरा दिवस नोंद ठेवा. बोअरचं पाणी आणि नळाचं पाणी यांत साबणाला फेस किती येतो ते मोजा. एका मुलीने शाळेच्या वाटेवरच्या अकरा झाडांना पहिली पालवी कधी फुटते याच्या तीन वर्षं नोंदी ठेवल्या. बक्षीस मिळालं नाही, कारण मॉडेल फिरत नव्हतं आणि दिवाही लागत नव्हता. परीक्षकांत मी नव्हतो हे बरं.

पुण्याजवळ असाल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका एकदा मुलांना दाखवा. अरविंद गुप्तांनी तिथे काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब यांतून खेळणी करायला शिकवलं. शोधिकेच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षीतल्या एका ताऱ्याचं हे नाव, आणि इमारतीला देणगी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची. पहिली दोन अक्षरं बघा.

ग्रहणात गरोदर बाईने बाहेर पडलं तर चालतं का? अन्न टाकून द्यावं का?

चालतं, आणि अन्न टाकू नये. सूर्यग्रहण म्हणजे चंद्राची सावली आपल्यावर पडणं, चंद्रग्रहण म्हणजे आपली सावली चंद्रावर. सावलीत भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ चिरत नाही. हे मी दर ग्रहणाला सांगतो आणि दर ग्रहणाला कुणीतरी म्हणतं, "पण रिस्क कशाला घ्यायची?" त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. माझ्या बायकोने दोन्ही बाळंतपणांत ग्रहणं पाहिली, मुलं समोर आहेत, बघून घ्या.

खरा धोका डोळ्यांना असतो, आणि त्याची मात्र लोक फिकीर करत नाहीत. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, दोनावर दोन गॉगल, हे काहीही चालत नाही. सूर्य पाहण्यासाठीच बनवलेले, आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मे वापरा, आणि तेही ओरखडा असला तर नको. चष्मा नसेल तर झाडाखाली उभे राहा. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल ठिपके ग्रहणात चंद्रकोरीसारखे होतात, शेकडो कोरी एकदम. ती गंमत पाहिली की वर बघायची इच्छाच होत नाही.

२ ऑगस्ट २०२७चं सूर्यग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल. ऑगस्ट आहे, तेव्हा ढगांशी बोलून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की मंगळ चंद्राएवढा दिसणार आहे. कार्यक्रम ठेवलाय का?

हा निरोप दर ऑगस्टला उगवतो. मूळ घटना खरी आहे. २७ ऑगस्ट २००३ला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, हजारो वर्षांत इतका जवळ आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये असं होतं की ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे ढकलताना वाक्यातली दुर्बीण गळाली आणि वर्षही गळालं. मंगळ बिचारा तेव्हापासून दर वर्षी चंद्राएवढा होतो.

असा निरोप आला की तीन गोष्टी बघा: तारीख आहे का, वर्ष आहे का, आणि सांगणाऱ्याचं नाव आहे का. 'नासाने सांगितलं' हे नाव नव्हे.

शून्य सावली दिवस म्हणजे काय? आमच्या गावात कधी असतो?

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या कुठल्याही गावावर वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी लपते. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यात येतो, आणि तरीही 'बारा वाजता सूर्य रोज डोक्यावर असतो' असं ठामपणे सांगणारे शिक्षक मला भेटतात.

पणजीला साधारण २-३ मे, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नागपूरला २६ मे. मंगलकार्याच्या पत्रिकेसारखं हे उत्तरेकडे सरकत जातं. परतीचा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तेव्हा सावली पाडायला ऊन कुठे असतं? म्हणून मेच महत्त्वाचा. वेळही बाराची नसते. आपलं घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या रेखावृत्ताचं, त्यामुळे मुंबईत ही घटका १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास येते, तर नागपुरात १२ वाजून १० मिनिटांना.

नुसतं बघून सोडू नका. कोल्हापूरच्या शाळेत सावली गायब होते त्या दिवशी नागपूरच्या शाळेने आपल्या माध्यान्हीला एक मीटरची काठी सरळ रोवून सावली मोजावी. पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. त्यावरून कोन काढला की साधारण साडेचार अंश येतो, दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४९५ किलोमीटर आहे, आणि ३६० अंशांना किती हा त्रैराशिकाचा हिशेब केला की पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरच्या जवळपास येतो. काठी, पट्टी आणि एक फोन, एवढ्यात पृथ्वी मोजून होते. एराटोस्थेनीसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं, त्याच्याकडे फोनही नव्हता. काठी ओळंब्याने तपासा, गवंडीकाकांचा ओळंबा मागून आणा. आमची पहिली दोन वर्षं काठी तिरकी असल्यामुळेच फुकट गेली.

पैसे कुठून येतात?

वर्गणी, देणग्या, आणि कोषाध्यक्षांचा चिकटपणा. शिबिराला मुलांकडून जेवणाचे पैसे घेतो. देणगी चेकने किंवा यूपीआयने द्या. जुन्या करप्रणालीत देणगीवरची करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही. बॅनरवर देणगीदाराच्या फोटोची अट असेल तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. एकदा म्हणालो नव्हतो, तेव्हाचा बॅनर आता दुर्बिणीवर पावसाळ्यात पांघरूण म्हणून वापरतो.

मी कॉमर्सचा. मला येता येईल का?

या की. परिषदेला सुरुवात करून देणारे शास्त्रज्ञ नव्हते, अभियंते होते, हे वर सांगितलंच. आमच्याकडे प्रयोगाचं साहित्य सगळ्यात नीट लावतात ते एक निवृत्त एसटी कंडक्टर. मुलांना शांत कसं बसवावं हेही त्यांच्याकडूनच शिकलो.

आमच्या गावात असं मंडळ काढायचंय. नोंदणी कशी करायची?

१८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. दर वर्षी हिशेब तपासून द्यायचे, कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट भरायचा. तो भरायचा राहिला म्हणून दहा वर्षांपूर्वी वारलेले अध्यक्ष कागदोपत्री अजून सही करू शकतात, अशा संस्था मी पाहिल्या आहेत.

माझा सल्ला, पहिली दोन वर्षं नोंदणीच करू नका. कार्यक्रम करा. सातपैकी किती जण सतरंज्या उचलायला थांबतात ते बघा. तेवढ्यांनाच घेऊन नोंदणी करा.

आकाशदर्शनाला येताना काय आणावं?

स्वेटर, पाणी, आणि टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन कागद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाईल एकदा पेटवला की ती सवय मोडते, तुमचीही आणि शेजाऱ्याचीही. पौर्णिमेला कार्यक्रम का ठेवत नाही असं विचारतात. चंद्राच्या उजेडात बाकीचं काही दिसत नाही म्हणून.

शनीची कडी दिसते का, असं प्रत्येक जण विचारतो. मार्च २०२५मध्ये ती आपल्या नजरेच्या नेमकी कडेवर आली होती, म्हणजे दिसेनाशीच. आता हळूहळू उघडत चालली आहे.

मुलाला दुर्बीण घ्यायची आहे. कुठली घेऊ?

आधी घेऊच नका. ऑनलाइन '५२५ पट' लिहिलेली आणि प्लास्टिकच्या तिपाईवर डुगडुगणारी दुर्बीण तर मुळीच नको. पट वाढवले की थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. त्यापेक्षा १०×५०ची द्विनेत्री घ्या, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटरच्या भिंगांची. गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून त्यावर टेकवली की चंद्रावरचे खड्डे दिसतात, कृत्तिका दिसतात, मृगातला तेजोमेघ दिसतो, आणि हात स्थिर असेल तर गुरूचे चार चंद्रही. गॅलिलिओने १६१०मध्ये पाहिले तेच. शनीच्या कड्यासाठी मात्र मोठी दुर्बीण लागते. ती आमच्याकडे आहे, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी संध्याकाळी सातला या. जेवून या, तिथे फक्त चहा असतो.